बाकावर आहेत, पण मोजणीत नाहीत

बाई, नमस्कार.

मी घणसोलीत राहते. सासरे माथाडी होते, मूळचे साताऱ्याकडचे. मिस्टर मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितात. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत आहे. ही शाळा आम्ही हौसेने निवडली, परवडत नाही म्हणून नव्हे. पहिलीत तिच्या वर्गात ३६ मुलं होती, आता ५२ आहेत. मी स्वतः मोजलंय, त्यातल्या १९ जणांच्या घरी मराठी बोलत नाहीत. बरीचशी यूपी-बिहारची, चार कलबुर्गीकडची, दोन नेपाळी वॉचमनची. काही तर दिवाळीनंतर मध्येच येऊन बसतात आणि होळीला गायब होतात. वर्गाच्या बाई चांगल्या आहेत, पण रोजचा अर्धा तास “समझा क्या?” करण्यात जातो. गेल्या वर्षी गणिताचे शेवटचे दोन पाठ राहूनच गेले. मुलगी घरी “मम्मी, मैंने किया ना” म्हणते, सासूबाई कपाळाला हात लावतात. शाळेचा पहिली ते पाचवीचा पट ४१० आहे आणि वर्गावर जाणारे शिक्षक आठ.

आता पालकांच्या ग्रुपवर एक निवेदन फिरतंय. बाहेरच्या मुलांची वेगळी तुकडी करा आणि पुढे त्यांना मराठी माध्यमात प्रवेश देऊ नका, असं. माझी सही मागितली आहे. मिस्टर म्हणतात सही-बिही सोड, इंग्लिश मीडियमला टाकू, वर्षाचे ६५ हजार, पतपेढीतून उचलू. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत जातो. त्याला इंग्रजी शिकवायला शाळेने वेगळी टीचर दिली. तिथे बघा कशी व्यवस्था आहे, आपल्याकडेच असं का? सही करू की शाळा बदलू? मी कुणाचा दुस्वास करणारी बाई नाही, पण माझ्या मुलीचं नुकसान मी का सोसायचं?

— एक आई, घणसोली

ताई,

तुम्ही दुस्वास करणाऱ्या नाही हे वेगळं सांगायची गरज नव्हती. तुम्ही मोजून लिहिलंय. दुस्वास करणारा मोजत बसत नाही, “सगळा वर्गच भरलाय त्यांनी” म्हणून मोकळा होतो. तुम्ही १९ म्हणालात, कुठली किती तेही सांगितलंत, वर शाळेचा पट आणि शिक्षकांची संख्याही दिलीत. या दोन आकड्यांवर मी नंतर येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तिथे आहे आणि तुम्ही ती ओलांडून पुढे गेला आहात.

आधी तुमचं गाऱ्हाणं. ते खरं आहे. ठाण्यात महापालिकेच्या शाळेत मी २९ वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी वागळे इस्टेटच्या बाजूला. तेव्हा “छे छे, मुलं काय, फुलासारखी सगळी सारखीच” असली भाषा माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. अर्धा तास जातो. कधी पाऊण जातो. जौनपूरकडून आलेल्या एका मुलाला मी पहिल्या दिवशी सांगितलं, “वही काढ.” तो म्हणाला, “कौन-सी वही?” मी म्हटलं, “अरे, वही!” तो आणखी गोंधळला, कारण त्याच्या भाषेत ‘वही’ म्हणजे ‘तीच ती’. दुसऱ्या एकाला दंगा केल्याबद्दल दरडावलं, “शिक्षा करीन हं,” तर पोरगं खुश! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाई आपल्याला शिकवणार म्हणतायत, मग अडचण काय? आता हसू येतं, पण अशा ५० मुलांसमोर उभं असताना हसू येत नाही.

आणखी एक सांगते, यात चूक माझी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या दुसरीच्या वर्गात तेव्हाच्या गुलबर्ग्याकडची एक मुलगी आली. आईवडील बांधकामावर. चार महिने तिने तोंड उघडलं नाही. मी तिला मागच्या बाकावर बसवलं आणि मनातल्या मनात ‘मंद’ असा शिक्का मारून टाकला. तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी नसायची, महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ मिळायचा. वाटपाच्या दिवशी मी मापं मोजत होते. ही शेजारी उभी राहून पुटपुटत होती, ओंदु, येरडु, मूरु. एकदम माझा पदर ओढला आणि मान हलवली. मी एक माप चुकले होते. तिने बोटांनी दाखवून दिलं. चार महिने ती माझ्या वर्गात कानडीतून गणित करत होती आणि मला पत्ता नव्हता. त्या मुलीचं वर्ष मी वाया घालवलं, ताई. वर्गात ५४ मुलं होती हे कारण आहे, पण पुरेसं नाही.

भाषेबाबत एक गोष्ट पालकांनाच काय, शिक्षकांनाही उशिरा कळते. मैदानावरची भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलतं. पुस्तकातली भाषा, म्हणजे ‘खालील उताऱ्यावरून कारणे लिहा’ वाली, यायला पाच-सात वर्षं लागू शकतात. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला आणि नंतर तो जगभर पोचला, त्यावर टीकाही झाली. म्हणून तुमच्या लेकीच्या वर्गातला जो मुलगा लंगडी खेळताना फर्डं मराठी बोलतो, तोच शाब्दिक उदाहरणापुढे ठोकळ्यासारखा बसतो. त्याला वजाबाकी येत नाही असं नाही. ‘उरले किती’ आणि ‘किती कमी पडले’ या दोन्हींत वजाबाकीच आहे हे त्याला मराठीतून उमगत नाही. यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ बाई वर्गाच्या वेळातून काढतात. म्हणजे तुमच्या लेकीच्याही वेळातून.

आता ते दोन आकडे.

पट ४१०, शिक्षक आठ. भागून बघा, ५१ येतात. म्हणजे गर्दी फक्त तुमच्या तिसरीत नाही, सगळ्या शाळेतच सरासरी वर्ग ५० च्या पुढे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेलं एक कोष्टक आहे. पहिली ते पाचवीचा पट २०० च्या वर असेल तर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नसावीत, असं त्यात स्पष्ट आहे. (‘तिसाला एक’ हे सगळ्यांना पाठ असतं, ते लहान शाळांचं.) ४१० ला ४० ने भागलं तर दहा शिक्षकही पुरत नाहीत, अकरावा लागतो. तुमच्याकडे आठ आहेत. आता उलटं करा, आठ गुणिले ४०. येतात ३२०.

म्हणजे शासनाच्या हिशेबात तुमची शाळा ३२० मुलांची असावी, असा माझा संशय आहे. उरलेली ९० मुलं कुठे गेली? कुठेच नाही. बाकावर आहेत, हजेरीपटावर आहेत, खिचडीच्या रांगेत आहेत. मोजणीत नाहीत.

हे कसं होतं ते सांगते. दरवर्षी प्रत्येक शाळेला किती शिक्षक द्यायचे ते संचमान्यतेत ठरतं. तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आणि आता नुसतं हजेरीपटावर नाव असून भागत नाही, सरकारी पोर्टलवर मुलाचं आधार जुळावं लागतं, शिक्षकांच्या भाषेत ‘व्हॅलिड’ व्हावं लागतं. आधारवर ‘राजकुमार’ आणि दाखल्यावर ‘राज कुमार’ असेल तर मिसमॅच. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, मिसमॅच. वयाची पाच वर्षं झाली की बोटांचे ठसे द्यावे लागतात, ते दिलेच नसतील तर आणखी लचांड. आणि जे मूल दिवाळीनंतर आलं, ते ३० सप्टेंबरला कुठल्या तरी तिसऱ्याच गावात होतं किंवा कुठेच नव्हतं. ते तुमच्या बाईंच्या वर्गात बसलं, पण त्याच्या वाटचा शिक्षक त्याच्याबरोबर आला नाही.

यातली गंमत अशी की प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ते सांगितलं आहे. कायदा मुलाला आत घेतो. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, वर्ष अर्धं सरलंय, यातलं काहीही नकाराचं कारण होऊ शकत नाही. ते योग्यच आहे. फक्त आत घेणारा नियम एक आणि शिक्षक मोजणारा नियम दुसरा, आणि दोघांची गाठभेट नाही. त्या फटीत तुमची लेक सापडली आहे. ती १९ मुलंही त्याच फटीत आहेत.

माझा अंदाज चुकलेला असू शकतो. कदाचित तुमच्या शाळेला अकरा पदं मंजूर असतील आणि तीन रिकामी असतील. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि ती कधी होते हे डी.एड. करून बसलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. दोन्ही शक्यतांत जायचं ठिकाण वेगळं आहे, म्हणून मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: गेल्या ३० सप्टेंबरला पट किती, त्यात आधार व्हॅलिड किती, पदं मंजूर किती, भरलेली किती. हे चार आकडे दडवण्यासारखे नाहीत. बहुतेक मुख्याध्यापक तर कुणीतरी विचारावं म्हणून वाटच बघत असतात.

निवेदनावर सही करू का, असं तुम्ही विचारलंत. नका करू.

त्याचं भावनिक कारण मी देणार नाही. हिशेब मांडून बघा. निवेदन मंजूर झालं असं समजू. तुमच्या वर्गात १९ आहेत म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सगळ्या शाळेत तेच प्रमाण धरलं तर ४१० तले साधारण २६० उरतात. २६० ला ४० ने भागा, सात शिक्षक. म्हणजे आज आठ आहेत त्यातलाही एक ‘अतिरिक्त’ ठरणार आणि समायोजनात दुसरीकडे जाणार. कोण जाईल हे तुमच्या हातात नाही. तुम्ही ज्या बाईंना चांगल्या म्हणताय त्याच असतील कदाचित. आणि दरवर्षी आणखी थोडे मराठी पालक मिस्टरांसारखा विचार करून इंग्लिश मीडियमला जातील, तेव्हा सात शिक्षकही ठरणार नाहीत. मराठी माध्यमाच्या शाळा ओस पडतायत म्हणून आपण गळे काढतो. तुमच्या शाळेत मराठी माध्यमाचा पट कोण टिकवतंय ते जरा बघा. ज्याचा बाप रबाळ्याच्या कारखान्यात कंत्राटी आहे आणि ज्याला घरी ‘ळ’ म्हणणारं कुणी नाही, ते पोरगं तुमच्या लेकीच्या शेजारी बसून ‘बाळ, फळ, कमळ’ घोटतंय. ती पोरं तिथे आहेत म्हणून तुमच्या मुलीला घरापासून चालत जाता येईल अशी मराठी शाळा आहे.

ती पोरं मराठी माध्यमात का आली हेही विचारलं पाहिजे. नवी मुंबई महापालिका हिंदी, उर्दू, इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. पण हिंदी शाळा ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे असेल आणि आई सकाळी सातला कामावर जात असेल, तर सात वर्षांचं मूल तो रस्ता एकट्याने ओलांडणार का? जवळची शाळा ती आपली शाळा, असाच हिशेब तुमच्या सासऱ्यांनीही केला असणार. काही जण मात्र मुद्दाम मराठी निवडतात. एका रिक्षावाल्याने मला सांगितलं होतं, “यहीं रहना है तो यहीं का पढ़ेगा.” मी त्याला दोन पेढे दिले होते.

वेगळ्या तुकडीबद्दल दोन शब्द, कारण निवेदनातली ही मागणी वरकरणी शहाणपणाची वाटते. नव्या मुलाला काही काळ वेगळं शिकवणं आणि त्याला कायमचं वेगळं बसवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची सोय कायद्याच्या चौथ्या कलमातच आहे. जे मूल वयापेक्षा मागे पडलंय त्याला वयाच्या वर्गात घ्यायचं आणि ‘विशेष प्रशिक्षण’ द्यायचं, नियमांप्रमाणे किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. माझ्या मते रोज दोन तास वेगळे, बाकी वेळ सगळ्यांबरोबर. हे मागा, जरूर मागा. दुसऱ्या प्रकारची तुकडी मी एका शाळेत पाहिली आहे. वर्षभरात तिला शिक्षकखोलीत एक नाव पडलं, ते मी इथे लिहिणार नाही. त्या वर्गावर जायला कुणी तयार नसायचं, आणि पाचवीपर्यंत त्यातली अर्धी मुलं गळाली. वर्गात कुणालाही दुजाभाव होऊ न देणं ही महापालिकेची कायदेशीर जबाबदारी आहे, तेव्हा ते निवेदन वरच्या टेबलावर टिकणारही नाही. तुमची सही मात्र त्यावर राहील.

आणि हो, नेपाळी मुलांबद्दल कुणी विचारलं की ‘ती तर परदेशी’, तर कायद्यातले शब्द आहेत ‘सहा ते चौदा वयाचे प्रत्येक बालक’. कुठल्या गावचं हे त्यात विचारलेलं नाही.

‘बाहेरची मुलं’ हा शब्द निवेदनात किती वेळा आलाय ते मला माहीत नाही, पण तो वाचताना तुमच्या पत्राची पहिली ओळ आठवली. सासरे माथाडी, साताऱ्याकडचे. मुंबईच्या मशीद बंदरातला बाजार तुर्भ्याला हलला आणि पाठोपाठ माथाडींची घरं कोपरखैरणे-घणसोलीत झाली. त्याआधी १९७० मध्ये सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर शहर आखलं गेलं. तुर्भ्याच्या दगडखाणींत मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसं आली. २००१ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेत सात लाख माणसं होती, २०११ मध्ये अकरा लाख. ही चार लाख काय सगळी वाशीच्या दवाखान्यात जन्मली? घणसोली गावठाणातल्या एखाद्या आगरी आजीला विचारा, ‘बाहेरचे’ म्हणजे कोण. ती बोट कुठे दाखवेल सांगता येत नाही. होळीला मुलं गायब होतात म्हणता ते खरंच आहे, पण चैत्रात गावच्या जत्रेला तुमची लेक किती दिवस जाते? आणि गणपतीत कोकणातली पोरं? माझ्या वर्गात त्या दहा दिवसांत निम्मे बाक रिकामे असायचे, आणि त्यावर कुणी कधी निवेदन काढलं नाही.

तुमच्या भाच्याबद्दल वाचून मात्र मी मनापासून हसले. रागावू नका. न्यू जर्सीतल्या त्या शाळेत तो कोण आहे? तिथला तो विसावा. १९ मुलांच्या यादीत आणखी एक. त्याला वेगळी टीचर मिळाली ती अमेरिकेतली माणसं सुसंस्कृत आहेत म्हणून नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १,८०० चिनी मुलं इंग्रजी येत नसताना इंग्रजी वर्गात नुसती बसून होती. पालक न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, भाषा येत नसलेल्याला मदत करावीच लागेल. टेक्सासने तर कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी शाळांना पैसेच द्यायचे नाहीत असा कायदा केला होता. तो १९८२ मध्ये रद्द झाला, तोही नऊपैकी पाच न्यायाधीशांच्या निकालाने, म्हणजे काठावर. तिथेही ‘आमच्या मुलांचं नुकसान’ म्हणणाऱ्या आया होत्या आणि आजही आहेत. तेव्हा भावाला फोन कराल तेव्हा एवढं विचारा की तुझ्या मुलाच्या वर्गातल्या अमेरिकन आईने तुमच्या ग्रुपवरच्यासारख्या निवेदनावर सही केली असती तर?

“आपल्याकडेच असं का” याचं उत्तर असं की वेगळी टीचर मागायच्या ऐवजी आपण वेगळी तुकडी मागतो.

शाळा बदलायची का, हा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण पैसे तुमचे आणि मूलही तुमचं. पण आधी लेकीचं खरंच किती नुकसान झालंय ते बघा. रविवारी पंधरा मिनिटं काढा. दुसरीच्या पुस्तकातली तिने न वाचलेली गोष्ट मोठ्याने वाचायला द्या. अडखळत नाही ना, शेवटी काय झालं ते सांगते ना? मग हातच्याची एक वजाबाकी, ४१ मधून १८. ‘असर’ या नावाने २००५ पासून देशभर जी पाहणी होते, तीत साधारण अशीच चाचणी असते, चार ओळींचा उतारा, एक गोष्ट, वजाबाकी, भागाकार. हे दोन्ही जमलं तर लेक ठीक आहे, राहिलेले दोन पाठ दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही स्वतः घेऊ शकता. वडील हिशेब लिहितात ना, तेही घेऊ शकतात. अडली, तर तिला मदत हवी आहे. पण ६५ हजारांच्या शाळेत ती मदत मिळेल का?

त्या शाळेत जाऊन वर्गात किती मुलं आहेत ते मोजा, मोजण्यात तुम्ही पटाईत आहात. आणि विचारा की त्यांच्यातल्या कितीजणांच्या घरी इंग्रजी बोलतात. तिथे तुमची लेक त्या १९ मुलांच्या जागी जाऊन बसेल. फरक एवढाच की तिथे सगळा वर्गच त्या जागी असेल, आणि पुष्कळदा टीचरही. माझ्याकडे पाचवीत परत आलेली अशी मुलं यायची, ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग पाठ, आणि झाड काय खातं विचारलं की गप्प. सगळ्या इंग्रजी शाळा अशा नसतात, हे कबूल. पण पतपेढीचं कर्ज काढून जायचं असेल तर ती शाळा चांगली आहे म्हणून जा. आधीच्या वर्गात कोण बसतं म्हणून जाऊ नका.

हिंदीचं म्हणाल तर सासूबाईंना सांगा, कपाळावरचा हात काढा आणि नातीला रोज रात्री एक गोष्ट सांगा. साताऱ्याकडची, त्यांच्या बोलीतली, सगळ्या ‘आरं-कारं’सकट. वर्गातल्या १९ मुलांनी मराठी मुलांना हिंदी शिकवली हे अर्धंच खरं. आपली पोरं मराठी वर्गात बसूनही मधल्या सुट्टीत आपापसात हिंदी बोलतात, कारण त्यांनी आपल्याला पाहिलंय. भाजीवाल्याशी हिंदी, रिक्षात हिंदी, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस दिसला की हिंदी, आणि तो निघतो नेमका चिपळूणचा. “मैंने किया ना”वर लेकीला रागावू नका, नुसतं “काय केलंस गं?” असं मराठीत विचारा. मुलं ज्या भाषेत विचाराल त्या भाषेत वळतात.

आता कामाचं. पत्र जुलैत आलंय, म्हणजे ३० सप्टेंबरला अडीच महिने आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. बहुतेक शाळांत सह्या घेण्यापुरती बैठक होते. पुढच्या बैठकीला जा, ते चार आकडे तिथे मोठ्याने विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मग शाळेतच एक आधार दुरुस्तीचं शिबिर मागा. महापालिकेच्या शिक्षण विभागाला मुख्याध्यापकांनी पत्र दिलं आणि सोबत पालकांच्या सह्या असल्या की ते बहुधा होतं. सह्या गोळा करायचा उत्साह ग्रुपवर आहेच, तो इथे वापरा. अडचण अशी येते की ज्यांची कागदपत्रं बिघडलेली आहेत ते पालक शिबिराला येत नाहीत. दिवसाची मजुरी बुडते, शिवाय सरकारी टेबल म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यांच्याशी कुणीतरी आधी बोलावं लागतं, संध्याकाळी सातनंतर, शक्यतो बाईने बाईशी, आणि हो, हिंदीत. तुम्हाला हिंदी येते. रविवार धरून शिबिर लावायला सांगा, जन्मदाखला नसेल तर काय चालेल ते आधी विचारून ठेवा, नावाचं स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरला आहे तसंच घालायचं हे चारदा सांगा. समितीत त्या मुलांच्या आयांपैकी एकीला तरी घ्यायला लावा. कायदाही दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यायला सांगतोच.

त्याच बैठकीत विशेष प्रशिक्षणाची मागणी लेखी द्या. वर्गाच्या बाईंना आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही त्यांचीच तक्रार करताय. त्यांना विचारा की आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या तासाला एखादी आई येऊन त्या मुलांकडून ‘एकूण, उरले, पेक्षा, दरम्यान’ असले शब्द घोटून घेईल तर चालेल का. ‘वही’ आणि ‘शिक्षा’पासून सुरुवात करा, पोरं हसतात आणि मग विसरत नाहीत. लेकीलाही बरोबर बसू द्या. दुसऱ्याला शिकवताना हातच्याची वजाबाकी जितकी पक्की होते तितकी क्लासमध्ये होत नाही.

या सगळ्याने यंदा लगेच नवा शिक्षक येईल असं नाही. आला तर पुढच्या वर्षी, लेक चौथीत असताना. तोवर ५२ चा वर्ग ५२ चाच राहील आणि बाईंचा घसा बसलेलाच राहील. त्यांना एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत आलं घालून चहा नेऊन द्या.

आणि दिवाळीनंतर वर्गात कोण कोण नवीन आलं ते मला कळवा. तुम्ही मोजालच.

तुमची,
बाई